बायबलाशेजारी मंजुघोषा

ग्रंथालयात पुस्तके दशांश पद्धतीने लावली की ख्रिस्ती धर्मविचाराला २३० च्या आसपासचा क्रमांक मिळतो आणि मराठी कादंबरीला ८९१.४६३. मधल्या फडताळांत भाषाशास्त्र, गणित, वैद्यक, शेती, पाककला, संगीत असे सगळे जग मावते. त्यामुळे डोंगरावरील प्रवचनाचा अर्थ उलगडणारे पुस्तक आणि नायक-नायिकेच्या ताटातुटीची कथा ही एकाच इमारतीत राहूनही एकमेकांना तोंड न दाखवणाऱ्या बिऱ्हाडांसारखी दिसतात. मराठीपुरते बोलायचे तर हे अंतर फसवे आहे. इथे दोघांची सुरुवातीची वाटचाल एकाच छापखान्याच्या आसऱ्याने झाली. पुढे त्यांचे भांडण झाले आणि त्या भांडणातून मराठी कादंबरीला आकार आला.

छापील मराठीची कथा गोव्यापासून सुरू होते. तिथे १५५६ मध्ये छापखाना आला. टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तिथेच राहिले. बराचसा काळ त्यांचा साष्टीत गेला. नव्याने बाटलेल्या कुटुंबांची एक अडचण त्यांच्या लक्षात आली होती. जुनी पुराणे ऐकायला बंदी झाली, पण त्या जागी ऐकण्यासारखे काहीच मिळाले नाही. स्टीफन्स यांनी ही तक्रार आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एका श्रोत्याच्या तोंडी घातली आहे. तिला उत्तर म्हणून त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. 'ख्रिस्तपुराण' या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापून झाला. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र.

या ग्रंथात धर्मसिद्धान्तांची नुसती मांडणी नाही, कथा आहे. ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची, सांगण्याची रीत पुराणिकाची. स्वर्गाला वैकुंठ म्हटलेले आहे, तर बाप्तिस्म्यासारख्या ज्या गोष्टींना देशी शब्द धोक्याचा वाटला तिथे पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला आहे. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या स्टीफन्स यांच्या ओव्या आज भाषादिनाच्या भाषणात हमखास म्हटल्या जातात. त्या म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पुढच्या हजारो ओव्या उघडलेल्या असतात, ही गोष्ट वेगळी. मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा नव्हते, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा निघाला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, आणि ख्रिस्तपुराण उरले ते हस्तलिखितांत व लोकांच्या पाठांतरात. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला हस्तलिखितांवरून त्याची रोमन आवृत्ती काढली. देवनागरीत छापलेले ख्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती पडले १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे. म्हणजे मूळ छपाईनंतर ३४० वर्षांनी.

दुसरी सुरुवात झाली ती बंगालात, मराठी मुलखापासून फार लांब. श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत बसून विल्यम कॅरी या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने नागपूरच्या वैजनाथ पंडिताच्या मदतीने मराठी पुस्तके छापायला घेतली. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, १८१० मध्ये कोश. त्याच छापखान्यातून १८१४ मध्ये 'सिंहासनबत्तिशी' बाहेर पडली आणि पाठोपाठ 'हितोपदेश'. येशूचे चरित्र आणि विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या बोलक्या पुतळ्या असे दोन्ही एकाच यंत्राखालून गेले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होता आणि विद्यार्थ्यांना भाषा शिकवायला गोष्टीचे पुस्तक हवेच होते. धर्माचे आणि मनोरंजनाचे पुस्तक शेजारी बसले ते असे व्यवहारापोटी, कुणी तसे ठरवले म्हणून नव्हे.

मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये पोहोचले आणि चारेक वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला. या छापखान्याचा मराठी ग्रंथव्यवहारावरचा परिणाम त्याने छापलेल्या धर्मपुस्तिकांपेक्षा मोठा आहे. १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापून मराठी माणसाच्या मालकीच्या छापखान्याचा पाया घालणारे गणपत कृष्णाजी हे तिथेच शिकले. टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तिथे खिळ्यांचे काम पाहिलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे वळणदार नागरी टाइप संस्कृत ग्रंथांसाठी देशभर नावाजले गेले. धर्मांतर करणाऱ्यांची संख्या मिशनच्या अपेक्षेइतकी कधी भरली नाही. कंपोझिटर, खिळे पाडणारे आणि पुस्तक बांधणारे मात्र तिने बरेच घडवले.

मिशनांच्या पुस्तिका स्वस्त असत, पुष्कळदा फुकट वाटल्या जात. त्यांतले मराठी पुष्कळदा अवघडलेले, कर्ता-क्रियापदांची ओढाताण झालेले. पण या पुस्तिका एक गोष्ट सतत करत होत्या. समोर एक साधा, शास्त्र न शिकलेला वाचक आहे असे धरून त्या गद्यात बोलत होत्या. तोवरचे मराठी गद्य म्हणजे प्रामुख्याने बखरी, पत्रे आणि महानुभावांच्या गुप्त लिपीतल्या पोथ्या. अनोळखी वाचकाला घरबसल्या पटवायचे काम या गद्याने आधी केलेले नव्हते. अहमदनगरहून जून १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'ने ते काम नियतकालिकाच्या रूपात चालू ठेवले. धर्मविषयक वादांबरोबर खगोल, भूगोल, स्त्रीशिक्षण असे विषय त्यात येत आणि रागावलेले वाचक उत्तरे लिहीत. रागावलेला वाचक म्हणजे हमखास वाचणारा वाचक, हे संपादकांनी फार लवकर ओळखले असावे.

धर्मविचाराला कथेचे अंग देणारे मराठीतले एक महत्त्वाचे छापील पुस्तक म्हणजे 'यात्रिकक्रमण'. जॉन बन्यन या इंग्रज प्रवचनकाराच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा हा अनुवाद हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये केला. पापाचे ओझे पाठीवर घेऊन निघालेला एक माणूस दलदल, डोंगर, बाजार असे टप्पे पार करत स्वर्गनगरीला पोहोचतो अशी ती रूपककथा. पंढरीच्या वाटेची सवय असलेल्या वाचकाला यात्रेचा सांगाडा परका नव्हता. लांबलचक गद्यकथा, एकच मध्यवर्ती माणूस आणि त्याच्या मनातले द्वंद्व या तिन्ही गोष्टी मराठीत एकत्र आल्या त्या या पुस्तकात.

त्यानंतर सोळा वर्षांनी 'यमुनापर्यटन' आले. बाबा पदमनजी मुळे (१८३१–१९०६) हे बेळगावच्या कासार कुटुंबातले. मिशन शाळांत शिकून १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले. कोशकार, संपादक, निबंधकार अशी त्यांची लेखणी अखंड चालली आणि लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 'अरुणोदय' हे आत्मचरित्रही त्यांचेच. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'यमुनापर्यटना'चे उपशीर्षकच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती, म्हणजे विषय ताजा होता.

यमुना आणि तिचा नवरा विनायक हे तरुण जोडपे. दोघांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे, पण ते उघड बोलायची सोय नाही. ती दोघे प्रवासाला निघतात आणि मुक्कामामुक्कामाला त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणी घरच्यांच्या छळाने पिचलेली, कुणी फसवली गेलेली. प्रत्येक गाठीभेटीतून एक हकीकत पुढे येते. मग अपघाताने विनायकच मरतो आणि आतापर्यंत दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतः त्या रांगेत उभी राहते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते.

प्रचाराचा हेतू लपलेला नाही, लपवायचा प्रयत्नही नाही. मधूनमधून कथा थांबते आणि उपदेश चालू होतो. हे सगळे मान्य केले तरी दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे बायकांचे बोलणे. स्वयंपाकघरातली, माजघरातली, एकमेकींना टोमणे मारणारी भाषा पदमनजींनी जशी ऐकली तशी उतरवली आहे, आणि त्या काळच्या कुठल्याही मराठी पुस्तकात ती इतकी जिवंत नाही. दुसरी गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते. यमुना आणि विनायक एकमेकांशी बोलतात. वडीलधाऱ्यांच्या धाकात नवऱ्याने बायकोशी दिवसाउजेडी चार शब्द बोलणे जिथे आगाऊपणाचे ठरे, तिथे हे जोडपे धर्मावर, माणसांवर, स्वतःच्या भीतीवर चर्चा करते. मराठी गद्यातले हे पहिले मित्रत्वाचे दांपत्यप्रेम म्हणता येईल, आणि ते प्रचाराच्या पुस्तकात सापडते.

वाचकांनी डोक्यावर घेतले ते मात्र दुसरेच पुस्तक. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये निघाली. सद्गुणी नायिका, तिच्यावर कोसळणारी संकटे, दुष्टांची कारस्थाने, पतिपत्नीची ताटातूट आणि अखेर पुनर्मीलन, असा सगळा मालमसाला तीत होता. आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. १८६६ मध्ये हळब्यांचीच 'रत्नप्रभा' आली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या होत्या, म्हणजे वाचकाची जीभ त्या चवीला चटावलेलीच होती. गद्यकथेला इंग्रजीवरून 'नावल' म्हणत. पण रुळला तो 'कादंबरी' हा शब्द, बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. एका प्रेमकथेतल्या नायिकेच्या नावाने सबंध वाङ्मयप्रकार ओळखला जावा, यातच त्या काळची आवड दिसून येते.

या धाटणीची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८). नायक वसंतमाधव विमानातून नायिकेकडे जातो. राजवाडे, उद्याने आणि चांदण्या रात्री यांची तर रेलचेल. या पुस्तकाची प्रस्तावना कथेपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. रिसबूड तिथे मोकळेपणाने सांगतात की आपल्या लोकांतल्या लग्नाच्या चालीमुळे व इतर कारणांमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरी रचावी असे मनोरंजक काही घडतच नाही. जे घडते तेच लिहिले तर वाचणार कोण? म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो.

ही सबब म्हणून हसून सोडून देण्यासारखी नाही. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. १८६० च्या दंडविधानात संमतीचे वय दहा वर्षे होते, ते १८९१ मध्ये बारा केले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते. लग्नाआधी दोन तरुण जीव एकमेकांना भेटतील, आवडतील, नाकारतील अशी जागाच समाजात नव्हती. मग कथेतल्या प्रेमिकांना ती जागा द्यायची कुठे? संस्कृत नावाच्या काल्पनिक नगरात, आणि तेही राजपुत्र-राजकन्यांना. लेखकाची कल्पनाशक्ती विमानापर्यंत गेली कारण पुण्याच्या वाड्यातल्या जिन्यावर तिला उभे राहता येत नव्हते.

अशी ही कोंडी होती. ख्रिस्ती लेखकाकडे खरे घर होते, खरी विधवा होती, पण कथा उपदेशाच्या ओझ्याने वाकलेली. प्रेमकथाकाराकडे वाचकाला रात्रभर जागवण्याची हातोटी होती, पण पाय जमिनीला लागत नव्हते. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयीच्या निबंधात या अद्भुत कथांची चिकित्सा केली, ती मराठीतली कादंबरीवरची आरंभीची समीक्षा ठरते. आदल्याच वर्षी रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने शिवकाल निवडून तिसरी वाट काढली होती. इतिहासात शौर्यही असते आणि प्रेमालाही थोडी मोकळीक देता येते, ही त्यातली सोय पुढच्या लेखकांनी पुरेपूर वापरली.

कोंडी फोडली ती हरि नारायण आपटे यांनी. त्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच, घरातली यमू. पदमनजींच्या यमुनेप्रमाणे तीही आधी नवऱ्याच्या सहवासात उमलते. मुंबईच्या बिऱ्हाडात ती दोघे वाचतात, बोलतात, थट्टा करतात. मग तो मरतो आणि तिचे बळजबरीने केशवपन होते. विषय मिशनऱ्यांनी मराठीत आणलेला तोच, आणि पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारी ओढ अद्भुत कथांनी शिकवलेली. आपट्यांच्या यमूला मात्र बाप्तिस्मा मिळत नाही, दुसरे लग्नही नाही. बाहेर पडण्याचे दार बंद ठेवल्यामुळे ही कादंबरी वाचकाच्या मनात अधिक खोल रुतली. पदमनजींच्या यमुनेचा सुखान्त प्रचारासाठी सोयीचा होता. कथेच्या दृष्टीने तो घाईचा ठरला.

याच काळात अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती घरातली मुलगी मद्रासमध्ये इंग्रजीत लिहीत होती. कृपाबाई सत्यनाथन (१८६२–१८९४) या मूळच्या 'खिस्ती' आडनावाच्या घराण्यातल्या. आईवडील ब्राह्मण धर्म सोडून ख्रिस्ती झालेले. 'सगुणा' ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी, आणि 'कमला' ही हिंदू तरुण विधवेची कथा. 'कमला'मध्ये तिच्यावर प्रेम करणारा पुरुष लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देते. ख्रिस्ती लेखिकेने आपल्या हिंदू नायिकेला पुनर्विवाहाचे बक्षीस देऊ नये, हे पदमनजींशी ताडून पाहण्यासारखे आहे.

ख्रिस्ती विचाराच्या मराठी ग्रंथांनी आपली उंची गाठली ती विसाव्या शतकात. प्रचाराची घाई जरा ओसरल्यावर. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले. आश्रमातल्या खेडवळ मुलींना कळावे म्हणून त्यांनी संस्कृत पांडित्य बाजूला ठेवून सोपी भाषा घेतली. ज्या बाईला पंडिता ही पदवी संस्कृतासाठी मिळाली होती तिने हे करावे, यात मोठा त्याग होता. भाषांतर पुरे करून त्या वारल्या. ते छापून निघाले १९२४ मध्ये, आश्रमाच्याच छापखान्यातून. जुळणी-छपाईचे पुष्कळसे काम तिथल्या स्त्रियांनीच केले होते.

नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला तुकारामाच्या अभंगातून गाठले. त्यांच्या गीतांमुळे मराठी चर्चमधल्या उपासनेला टाळ-चिपळ्यांचा सूर मिळाला. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'ज्ञानोदय'चे संपादन करत होते. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभले आणि सुरुवातीचेच काही अध्याय लिहून झाले. बाकीचा मोठा भाग पत्नी लक्ष्मीबाईंनी रचला, ज्यांना शाळा म्हणून कधी मिळालीच नव्हती. स्टीफन्स यांच्या ओव्यांनंतर तीनशे वर्षांनी येशूचे चरित्र पुन्हा ओवीत आले.

लक्ष्मीबाईंचे नाव मात्र राहिले ते 'स्मृतिचित्रे'मुळे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे आत्मचरित्र ग्रंथसूचीत चरित्राच्या सदरात पडते. ख्रिस्ती विचाराच्या सदरातही ते चालेल, कारण सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या बाईच्या मनातून जात हळूहळू कशी गळून पडली याची अशी प्रामाणिक नोंद दुसरीकडे नाही. पण ते मराठीतल्या उत्तम प्रेमकथांपैकीही एक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. टिळक विक्षिप्त, तापट, हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत वाटून मोकळे होणारे. न सांगता घर सोडून जाणारे. त्यांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांत राहिल्या. जवळजवळ पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, तेही स्वतःचा धर्म आणि वेगळी चूल सांभाळून. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ताटातूट, संकटांची मालिका आणि पुनर्मीलन हा 'मुक्तामाले'चाच आराखडा. इथे तो विनोदासकट, भाजी-भाकरीसकट प्रत्यक्ष आयुष्यात घडलेला आहे, आणि त्यात कुणीही दुष्ट नाही.

शुद्ध प्रेमकथा म्हणून जिला ओळखतात ती कादंबरी याच सुमारास भरात आली. कारणे समाजात होती. पुण्यात मुलींची हायस्कूलची शाळा १८८४ मध्ये निघाली, कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये, आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले. कॉलेजात जाणारी, अजून लग्न न झालेली मुलगी ही नवीन व्यक्ती जन्माला आली होती. रिसबुडांना जी जागा कल्पनेत शोधावी लागली ती आता कॉलेजच्या व्हरांड्यात मिळत होती. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी ती जागा काबीज केली. त्यांची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' (१९१७) मेरी कॉरेलीच्या 'टेम्पोरल पॉवर'वर आधारलेली होती. कॉरेली ही ख्रिस्ती गूढवाद आणि भडक प्रणय एकाच पातेल्यात शिजवणारी इंग्रज लेखिका. फडक्यांनी तिचा धर्म सोडला, प्रणय उचलला. 'जादूगार', 'दौलत' अशा कादंबऱ्यांतून टेनिस, मोटारी, सुशिक्षित नायिका आणि घाटदार भाषा यांचे एक छोटे चमचमते जग त्यांनी उभे केले. सत्तरहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि 'प्रतिभासाधन'मध्ये कथा रचण्याचे तंत्रही सांगितले. वि. स. खांडेकरांनी त्यांच्याविरुद्ध जीवनवादाचा झेंडा धरला. कलेसाठी कला की जीवनासाठी, हा तो पुढे फार चघळला गेलेला वाद. थोडे मागे जाऊन पाहिले तर तो पदमनजी आणि हळबे यांच्यातल्या फरकाचाच पुढचा अंक वाटतो.

फडक्यांच्या नायिकांना पुरुषाने रंगवलेल्या हसतमुख चेहऱ्यापलीकडे काय वाटते, हे १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने सांगितले. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेऊन ते बाहेर पडले तेव्हा लेखिका कोण यावर महाराष्ट्रात चर्चेचे रान उठले.

स्वातंत्र्यानंतर प्रेमकथेचा खरा बाजार होता तो भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत आणि मासिकांत. तिथे चंद्रकांत काकोडकरांचे राज्य होते. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडले आणि समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत याची दखल घेतली. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि तुफान चालला. टीकाकारांनी काकोडकरांना वाङ्मयाच्या इतिहासात जेमतेम ओळ दिली. वाचनालयाच्या मालकांनी मात्र त्यांच्या पुस्तकांना पुन्हा पुन्हा नवी बांधणी करून दिली.

गोव्याकडे पुन्हा वळले तर तिथे धर्म आणि प्रणय वेगळे झालेच नाहीत. रोमन लिपीतल्या कोंकणीचे पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळक' १८८९ मध्ये निघाले ते पुण्याहून. ते चालवणाऱ्या एदुआर्दो ब्रुनो द सौझा यांनीच पुढे 'क्रिस्तांव घराबो' लिहिली. तिला कोंकणीतली पहिली कादंबरी मानतात, आणि नावाचा अर्थ ख्रिस्ती कुटुंब असा आहे. या लिपीत मग 'रोमान्स' नावाच्या छोट्या, स्वस्त, प्रेम आणि साहसाने भरलेल्या पुस्तिकांची परंपरा बहरली. एकट्या रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी असे शंभरहून अधिक रोमान्स लिहिले. मुंबईच्या कूडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहणारे आणि बोटींवर नोकरी करणारे गोवेकर ते वाचत. पाद्रीचे प्रवचन ज्या लिपीत, त्याच लिपीत नायिकेचे अपहरण. वाचणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नसे.

पहिली मराठी कादंबरी कोणती, हा वाद अधूनमधून उठतो. 'यमुनापर्यटना'त प्रचार आहे म्हणून 'मुक्तामाले'ला मान द्यावा असे एक मत होते. भालचंद्र नेमाडे यांनी हा क्रमांकाचा प्रश्न बाजूला ठेवून मराठी कादंबरीत तीन प्रवृत्ती दाखवल्या आणि त्यांना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' ही नावे दिली. सगळ्या मराठी कादंबऱ्यांचे मूळ शोधताना त्यांना एका धर्मप्रचारकाच्या पुस्तकापाशी थांबावे लागले. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते आता कादंबरी म्हणूनच नेमले जाते आणि ग्रंथालयात ८९१.४६३ खाली सापडते.

दुसऱ्या कपाटातही भर पडतच आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले आणि आजच्या बोलत्या मराठीत 'सुबोध बायबल' तयार केले. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरूला हा मान कशाला, असा सूर तेव्हा काहींनी लावला होता.